वाघ की धबधबा?

बँकेतल्या माणसाला सुट्टीचं फार सुख असतं, असा समाजात एक समज आहे. "मजा आहे बुवा तुमची! दुसरा शनिवार बंद, चौथा शनिवार बंद, गांधी जयंती बंद. उघडी असते तरी कधी?" असं काउंटरच्या पलीकडून ऐकवणारा रोज एक तरी भेटतो. मी नुसता हसतो. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये हे आम्हांला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि नंतर काहीच शिकवत नाहीत. पण आत्ता तुमच्या-माझ्यामध्ये काउंटर नाही म्हणून सांगतो. सुट्टी मिळणं सोपं आहे. ती खर्च कशी करायची, हा हिशेब मात्र बी. कॉम. झालेल्या माणसालाही सुटत नाही.

२०२४ सालची गोष्ट. त्या वर्षी २ ऑक्टोबर बुधवारी आला. ३० सप्टेंबरचं अर्धवार्षिक क्लोजिंग आटोपून आम्ही सगळे पिळून काढलेल्या लिंबासारखे झालो होतो, आणि समोर आठवड्याच्या ऐन मध्यावर एकच एक सुट्टी उभी होती. मागे शनिवार नाही, पुढे रविवार नाही. त्या दिवसाचा माझा बेत अगदी साधा होता. उशीरा उठायचं, पोहे खायचे आणि पुन्हा झोपायचं. पण आठ दिवस आधीच, जेवताना, चिरंजीवांनी ताटावरून मान वर केली आणि जाहीर केलं, "बाबा, गांधी जयंतीला टिपेश्वर. वाघ."

चिरंजीव दहावीत. दहावीच्या मुलाला अभ्यास सोडून जगातल्या सर्व गोष्टींत रस असतो.

मी नेहमीप्रमाणे "बघू" म्हणालो. 'बघू' हा मराठीतला फार सोयीचा चेक आहे. त्यावर सही असते, रक्कम असते, तारीख तेवढी नसते. घेणारा खूश, देणारा सुरक्षित. या चेकवर मी संसाराची वीस वर्षं काढली आहेत.

पण त्या दिवशी कोपऱ्यातून आई म्हणाली, "मले नाही लागत वाघ. जायचंच असन तर सहस्रकुंडाले चला."

आई सहसा काही मागत नाही. त्यामुळे सगळ्यांचेच घास हातात राहिले.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. म्हणजे पेच काय होता तो कळेल. टिपेश्वरचं अभयारण्य जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, पांढरकवड्याच्या पुढे, तेलंगणाच्या उंबरठ्यावर. सहस्रकुंड दुसऱ्याच दिशेला, उमरखेड तालुक्याच्या टोकाला, पैनगंगेवर. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा. एका दिवसात दोन्ही करणं म्हणजे एकाच वेळी कॅश आणि क्लिअरिंग सांभाळणं. करता येतं, पण संध्याकाळी काहीतरी कमी भरतं.

एरवी निसर्गानं ही निवड आपल्यावर सोपवलेलीच नाही. पावसाळ्यात धबधबा जोरात असतो तेव्हा अभयारण्याची फाटकं बंद. मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो तेव्हा धबधब्याचा नुसता खडक उरलेला असतो. दोघांनी जणू शिफ्ट वाटून घेतली आहे. फक्त ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघेही ड्यूटीवर सापडतात, पण अर्धे-मुर्धे. फाटकं उघडतात, पण गवत इतकं वाढलेलं असतं की वाघ चार हातांवर बसला तरी दिसायचा नाही. धबधबा वाहतो, पण ऑगस्टातली मस्ती उतरलेली असते. थोडक्यात, मला निवड करायची होती ती न दिसणारा वाघ आणि निम्मा धबधबा यांतून.

दुसऱ्या दिवशी बँकेत गर्दी कमी होती. मी एका भरणा स्लिपच्या मागे दोन रकाने आखले. टिपेश्वरच्या रकान्यात जिप्सीचं भाडं, गाइडची फी, प्रवेश आणि पेट्रोल मांडलं. जमेच्या बाजूला लिहिलं, 'वाघ'. मग हात थबकला. वाघ ही जमा धरायची कशी? एकशे अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटरचं सागवानाचं जंगल. त्यात तो कुठेही असू शकतो. आमच्या भाषेत याला 'संशयित येणे' म्हणतात. वसुली झाली तर झाली. उलट धबधबा ही स्थावर मालमत्ता. जागेवरून हलत नाही, ठरल्या ठिकाणी सापडणार म्हणजे सापडणार. पण तिचा घसारा फार जबरदस्त. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत मालमत्ता शून्यावर येते.

ताळेबंद काही जुळेना. म्हणून मी सल्ला घ्यायला उठलो आणि तिथेच चुकलो.

आमचे हेड कॅशियर म्हणाले, "वाघच. मी तीन पाहिलेत." यांनी जे काही पाहिलेलं असतं ते नेहमी तीनच असतं. मॅनेजर साहेब एल. एफ. सी. घेऊन अंदमानला जाऊन आले होते. तिथे हातात एकच दिवस उरला असताना बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्या की नॉर्थ बेला जाऊन पोवळी पाहायची, यावरून त्यांचं नि बाईंचं वाजलं. शेवटी तो दिवस दोघांनी पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात, एकमेकांकडे पाठ करून, टीव्ही बघत काढला. "म्हणून सांगतो," साहेब म्हणाले, "कुठंही जा, पण ठरवून जा." हा सल्ला मला पटला. फक्त तो ठरवण्याच्या कामी काही उपयोगाचा नव्हता.

खरं बोलले ते आमच्या शाखेतले भाऊ. भाऊ शिपाई आहेत, गाव पांढरकवड्याकडचं. चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाले, "वाघ पाहाले पैसे कायले भरता साहेब? आमच्या गावाले या. नाही दिसला त पैसे वापस." आम्ही हसलो. मग हळू आवाजात म्हणाले, "अन् दिसला त तुमी वापस याल का नाही, ते नाही सांगत."

मग ते २०१८ सालाबद्दल बोलत बसले. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ नावाची वाघीण होती. पेपरांतून ती 'अवनी' म्हणून देशभर गाजली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. त्यावर दिल्ली-मुंबईत खूप चर्चा झाली. भाऊंच्या गावात चर्चा नव्हती, कापूस होता. ऐन वेचणीचे दिवस. बाया एकट्यादुकट्या शेतात जायला तयार नसत. घोळक्यानं जायच्या, आणि एक गडी नुसता काठी घेऊन बांधावर उभा. "माही माय चारलेच घरी येऊन दार लावे," भाऊ म्हणाले. "बोंडं तशीच फुटून राह्यली."

कप उचलून ते गेले. मी टिपेश्वरच्या रकान्याकडे बघत राहिलो. आपण जिप्सीत उभं राहून ज्याला शोधायला जाणार, तो आपल्याला सापडू नये म्हणून कुणाची आई दार लावून घेते. ही रक्कम कुठल्या बाजूला मांडतात, ते कॉमर्सला शिकवत नाहीत.

घरी आलो तर चिरंजीवांनी मोर्चेबांधणी केलेली. त्याच्याकडे एका वाघाची सगळी कुंडली होती. टिपेश्वरात जन्मलेला हा वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर. जून २०१९ मध्ये तो घरातून निघाला आणि चालत सुटला. विदर्भ, तेलंगणातला भाग, पुन्हा विदर्भ असं करत पाच महिन्यांत १३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. 'वॉकर' म्हणून त्याचं नाव झालं.

"कशासाठी गेला इतका लांब?" बायकोनं विचारलं.

"स्वतःची जागा शोधायला. आणि वाघीण."

"मग मिळाली?"

"नाही ना. तिथे वाघच नव्हते दुसरे. वाघीण पाठवावी का, असा विचार चालला होता त्यांचा."

मला त्या वाघाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. यवतमाळहून बुलढाण्याला बदली, तीही एकट्यानं, आणि पुढे विचार चालू आहे! आमच्याकडेही असंच असतं. फरक इतकाच, की एस. टी.नं सकाळी निघून संध्याकाळी जिथं पोचता येतं, तिथं जायला त्यानं पाच महिने घेतले. पण घेतले ते चालण्यात घेतले. आमच्यासारखे बसून नाही.

"सहस्रकुंडाला काय आहे?" चिरंजीव म्हणाला. "पाणीच तर आहे."

यावर आई काही बोलली नाही. उठून आत गेली.

आता मला एक गोष्ट सांगावीच लागेल. माझे वडील जिल्हा परिषदेचे मास्तर होते. लग्नाआधी दोन वर्षं ते उमरखेडकडे नोकरीला होते. तिथून एकदा सायकलनं सहस्रकुंड पाहून आले होते, आणि ती सायकल त्यांच्या बोलण्यातून पुढे जन्मभर उतरली नाही. निवृत्त झाल्यावर दर ऑगस्टमध्ये पेपर वाचता वाचता ते म्हणायचे, "यंदा इसापूर धरणाचं पाणी सोडलं म्हणतात. सहस्रकुंड भरून वाहत असेल." मी म्हणायचो, "बघू बाबा." ते लगेच म्हणायचे, "हो हो, तुझ्या सवडीनं." एका वर्षी ऑडिट होतं. एका वर्षी नोटबंदी आली आणि आम्ही दिवाळीपासून नाताळापर्यंत नोटाच मोजत होतो. एका वर्षी काहीच नव्हतं. नुसता कंटाळा होता. बाबा गेले ते २०२२ च्या फेब्रुवारीत. त्यांचं पासबुक बंद करायला मीच काढलं. प्लॅस्टिकच्या कव्हरात, शेवटच्या पानामागे, पेपरातलं धबधब्याचं एक चित्र कापून, चार घड्या घालून ठेवलेलं होतं. मी ते परत तसंच ठेवलं. खातं बंद करण्याच्या अर्जात त्याला रकाना नव्हता.

हे सगळं मला ठाऊक असूनही १ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. स्लिपा तेवढ्या चार झाल्या होत्या. शिवाय माझ्या हाती एक हुकमाचं पान आलं होतं. गांधी जयंतीलाच त्या वर्षी सर्वपित्री अमावस्या! घरी पित्रांचं पान वाढायचं, म्हणजे कुठंच जाणं नाही. मनातल्या मनात मी पोह्यांवर लिंबू पिळून पाहिलं. मग चेहरा शक्य तितका दुःखी करून स्वयंपाकघरात गेलो.

"अहो, उद्या सर्वपित्री आहे. मग आता…"

बायको वड्यांसाठी डाळ भिजत घालत होती. न वळता म्हणाली, "चार वाजता उठायचंय. साडेपाचला गाडी येईल. गल्लीतल्या पोराला सांगितलंय मी परवाच."

"कुठं जायला?"

"सहस्रकुंडाला. स्वयंपाक डब्यांत न्यायचा. खीर, वडे, कढी, सगळं."

"पण मला कुणी विचारलं का?"

"तुम्ही बघतच होता ना," ती म्हणाली. आठ दिवस मी तिला मत विचारत होतो आणि ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत होती. या वाक्याचा अर्थ मला वीस वर्षांत कळलेला नाही. चिरंजीवाला वाघाचं वचन देऊन त्याचं मत परस्पर वळवण्यात आलं होतं. निवडणूक झाली होती, निकाल लागला होता, आणि मी अजून मतपत्रिका आखत होतो.

शेजारच्या काकूंनी रात्री शंका काढलीच. पित्रांचं पान घरी वाढायचं असतं, बाहेर कसं चालेल? आई म्हणाली, "ते काय घरी बसून राह्यले असतीन? तिकडंच गेले असतीन ते."

काकूंना काही सुचलं नाही. मलाही.

साडेपाचला निघालो. आर्णी मागे पडलं तेव्हा उजाडलं. महागावला चहा झाला. रस्ता नवा, रुंद. कडेनं सोयाबीन निघायला लागलेलं, कापसाच्या झाडांवर कुठेकुठे पांढरं दिसायला लागलेलं. आई मांडीवर खिरीचा डबा धरून बसली होती. दर खड्ड्याला ती डबा सांभाळायची आणि चिरंजीव माझ्याकडे बघून उसासा टाकायचा. त्याच्यासाठी यवतमाळचा बुढीचा चिवडा घेतला होता. उमरखेड येईस्तोवर वाघाबद्दलचं दुःख त्यानं अर्धा किलो कमी केलं. ढाणकीच्या पुढे जंगल लागलं, फोनची रेंज गेली, आणि गाडीत माणसं एकमेकांशी बोलायला लागली.

धबधबा आधी ऐकू येतो, मग दिसतो. गाडीतून उतरल्यावर नुसताच आवाज होता. मग खडक आले. काळेकुट्ट, लोखंड वितळून थिजल्यासारखे. आणि त्यांच्यामधून नदी एका जागी न पडता, जिथं फट सापडेल तिथून पडत होती. ऑगस्टातला तो सलग पडदा नव्हता. पण होतं ते पाणी कमी नव्हतं. पलीकडच्या काठावर नांदेडकडची मंडळी फोटो काढत होती. पैनगंगेचं हे जॉइंट खातं आहे. अर्धा धबधबा विदर्भाचा, अर्धा मराठवाड्याचा, आणि पाणी कुणालाच न विचारता मधून जातं.

चिरंजीव तोंड उघडं ठेवून बघत होता. "पाणीच तर आहे" म्हणणारा हाच तो मुलगा, याची आठवण मी करून दिली नाही. बाप म्हणून इतकं जमलं त्या दिवशी.

आईला हाताला धरून खडकापर्यंत नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच होय?"

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षं 'बघू, बघू' करत होते?" ती म्हणाली. "लग्न झालं तवापासून मले नेतो म्हणत. आज शाळा आहे, उद्या परीक्षा आहे, परवा जनगणना आहे. अन् रिटायर झाले त तुह्या मागं लागले."

मला आत्तापर्यंत वाटत होतं की बाबांचा एक चेक मी वटवला नाही. आता कळलं, की त्या पुस्तकातले चेक बाबांनी आधीच आईच्या नावे फाडून ठेवले होते. पुस्तक तेवढं माझ्याकडे आलं. बाबा-आईचं बँकेतलं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' होतं. म्हणजे दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो. फॉर्म मीच भरला होता.

सावलीला केळीचं पान मांडलं. वडे, कढी, भाजी, आणि वर खीर. आईनं त्यावर चिमूटभर चिवडाही ठेवला. "त्यांना आवडे," म्हणाली. पान खडकावर ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो. कावळे होते, पण पलीकडच्या काठावर, नांदेड जिल्ह्यात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. "हद्दीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. चिरंजीव तोंडानं काव काव करून पाहू लागला. बायकोनं हळूच सुचवलं, "काहीतरी कबूल करा. त्याशिवाय नाही शिवायचा."

"मी काय कबूल करू?"

"तुम्हांला माहीत."

मी पानाकडे तोंड करून मनात बरंच काही बोललो. ते इथे सांगत नाही. एवढ्यात मागून एक बकरी आली, कुणाला काही कळायच्या आत तिनं दोन वडे आणि अख्खं केळीचं पान ओढलं, आणि निघून गेली. आम्ही ओरडणार तोच आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "जाऊ दे," ती म्हणाली. "त्यांची शिस्त कवाच नव्हती जेवायची." मग ती परत खडकावर जाऊन बसली, आणि "एवढंच होय" म्हणणारी ती बाई दोन तास उठायला तयार नव्हती. शेवटी उन्हाचं कारण सांगून उठवावी लागली.

परतीच्या वाटेवर जंगलातच ती एकदम म्हणाली, "आता वाघ कवा?"

"तुम्हांला वाघ नको होता ना आई?" बायको म्हणाली.

"तवा हे पाह्यलं नव्हतं. आता पाह्यलं. आता वाघ."

मी सवयीनं तोंड उघडलं, आणि 'ब' ओठांवर आला. गाडीत एकदम शांतता झाली. ड्रायव्हर पोरानंसुद्धा आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो कालपर्यंत आमच्या घरचा कुणी नव्हता.

मी फोन काढला. उमरखेडच्या अलीकडे कुठेतरी रेंज आली. नोव्हेंबरातला एक रविवार धरला, सकाळची फेरी, माणसं चार. नावं घातली. आईच्या नावापुढे वय ७३. पैसे भरायचं पान उघडलं, आणि तिथंच ते गोल गोल फिरत बसलं. ओ. टी. पी. येईना.

"तुमच्याच बँकेचा ना?" बायकोनं विचारलं.

पुढच्या चढावर रेंजच्या दोन रेघा दिसल्या. "थांबव रे गाडी," मी म्हणालो आणि उतरलो. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत पडलं होतं. त्याच्या शेजारी मी हातातला फोन जमेल तितका वर धरून उभा राहिलो.